जागल्याची टपालपेटी

रात्री गावाची राखण करणाऱ्या जागल्याचे नाव मराठी वृत्तपत्रांनी अलीकडच्या काळात एका वेगळ्याच माणसाला बहाल केले. कचेरीत किंवा कंपनीत राहून तेथला गैरव्यवहार बाहेर कळविणारा तो जागल्या. शब्द चपखल आहे, तरी फरक राहतोच. गावचा जागल्या हाळी देत फिरे आणि तो कोण हे साऱ्या गावाला ठाऊक असे. नव्या जागल्याला हाळी द्यायची असते ती आवाज ओळखू न देता. हे कसे साधावे, याचा विचार अमेरिकेतील ‘फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था २०१२ पासून करीत आली आहे.

संस्थेचा जन्म झाला तो एका आर्थिक कोंडीतून. २०१० च्या अखेरीस ‘विकिलीक्स’ने अमेरिकी वकिलातींचा गोपनीय पत्रव्यवहार उघड करण्यास प्रारंभ केला, तेव्हा व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपाल यांनी त्या संघटनेकडे जाणाऱ्या देणग्यांची वाट बंद केली. कोणत्याही न्यायालयाचा तसा आदेश नव्हता. प्रकाशनावर बंदी न घालताही प्रकाशकाचा गळा आवळता येतो, हे त्यातून दिसले. देणगीदारांचे पैसे स्वीकारून ते अशा अडचणीतील प्रकाशकांपर्यंत पोहोचवावेत, हा संस्थेचा पहिला उद्योग. संस्थापकांत ट्रेव्हर टिम, जॉन पेरी बार्लो, पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड, चित्रपटकार लॉरा पॉइट्रस आणि डॅनियल एल्सबर्ग ही मंडळी होती. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत एडवर्ड स्नोडेन यांची कागदपत्रे जगापुढे आली, त्यांत ग्रीनवाल्ड आणि पॉइट्रस यांचा वाटा मोठा होता.

या नामावळीत एल्सबर्ग यांचे नाव शोभेसाठी नव्हते. व्हिएतनाम युद्धाचा सुमारे ७,००० पानांचा गोपनीय इतिहास त्यांनी १९६९ मध्ये रात्री-रात्री बसून झेरॉक्स यंत्रावर उतरविला. १९७१ च्या जूनमध्ये तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून येऊ लागला. सरकारने छपाई रोखण्याचा प्रयत्न केला, पण सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने कौल दिला. वृत्तपत्र सुटले, जागल्या मात्र अडकला. १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली एल्सबर्ग यांच्यावर खटला उभा राहिला. कागद का उतरविले, हा प्रश्न त्यांच्या वकिलाने भर न्यायालयात विचारताच सरकारी पक्षाने हरकत घेतली आणि ती मान्य झाली. लोकहितासाठी केले, असे सांगण्याची सोय त्या कायद्यात नाही. १९७३ मध्ये ते सुटले, त्यालाही कारण निराळेच. निक्सन यांच्या माणसांनी एल्सबर्ग यांच्या मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घरफोडी केल्याचे उघड झाले आणि सरकारच्याच गैरवर्तनामुळे न्यायाधीशांनी खटला निकालात काढला.

तरीही एल्सबर्ग यांना एक सवलत होती: तेव्हाचे झेरॉक्स यंत्र कोणाने काय उतरविले याची नोंद ठेवीत नसे. आज कोणती फाइल कोणी उघडली, कोणी छापली, कोणी कोणाला दूरध्वनी केला, सारे कुठे ना कुठे लिहिलेले असते. २०१३ च्या मे महिन्यात असे उघड झाले, की अमेरिकेच्या न्याय खात्याने ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेच्या २० हून अधिक दूरध्वनी जोडण्यांच्या दोन महिन्यांच्या नोंदी गुपचूप मिळविल्या होत्या. वार्ताहराला विचारण्याची गरजच उरली नव्हती. पूर्वी बातमीदार ‘नाव सांगणार नाही’ म्हणून तुरुंगात जात. ज्युडिथ मिलर २००५ मध्ये ८५ दिवस कोठडीत होत्या. नाव दूरध्वनी कंपनीच्या दप्तरातच सापडत असेल, तर त्या निग्रहाचा उपयोग काय?

या पेचावरचे उत्तर त्याच महिन्यात ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने वापरात आणले. आरन स्वार्ट्झ या तरुण संगणकतज्ज्ञाने पत्रकार केव्हिन पोल्सन आणि सुरक्षातज्ज्ञ जेम्स डोलन यांच्यासह ही प्रणाली घडविली होती. स्वार्ट्झ जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी वारला. ती चालू झालेली त्याला पाहता आली नाही. ऑक्टोबरमध्ये फाउंडेशनने तिची जबाबदारी घेतली आणि ‘सिक्युअरड्रॉप’ असे नामकरण केले. पुढे ‘गार्डियन’, ‘वॉशिंग्टन पोस्ट’, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ यांनीही ती स्वीकारली.

तिला टपालपेटी म्हणणे योग्य. माहिती देणारा ‘टॉर’ या ब्राउझरमधून येतो. त्याची जोडणी जगभरच्या अनेक संगणकांतून वळसे घेत जात असल्याने मूळ ठिकाण कळत नाही. पेटी त्याला नाव, ई-मेल, दूरध्वनी क्रमांक यांपैकी काहीही विचारीत नाही. उलट काही शब्दांचा एक सांकेतिक परवलीचा मंत्र देते. तो पाठ करायचा आणि पुढच्या वेळी तो सांगून संपादकाचे उत्तर वाचायचे. आलेला मजकूर कुलूपबंद स्वरूपात वृत्तपत्राच्या स्वतःच्या संगणकावर पडतो, परक्या कंपनीच्या नव्हे. आणि तो उघडला जातो तो कोणत्याही जाळ्याला न जोडलेल्या वेगळ्या संगणकावर. त्यामुळे उद्या न्यायालयाने विचारले, तर संपादक प्रामाणिकपणे म्हणू शकतो, की मला ठाऊक नाही. वचन मोडण्याचा प्रश्नच येत नाही, कारण सांगण्यासारखे हाती काही नसते. ही व्यवस्था कंटाळवाणी आहे, हेही मान्य करायला हवे. पेनड्राइव्ह इकडून तिकडे नेता-नेता बातमीदार वैतागतो, आणि निनावी कागदांची सत्यता पडताळण्याचा भार पूर्णपणे त्याच्यावर पडतो.

हा पडताळाच घातक ठरू शकतो, हे २०१७ मध्ये दिसले. रिअॅलिटी विनर या तरुणीने रशियाच्या निवडणूक-हस्तक्षेपासंबंधीचा गोपनीय अहवाल ‘इंटरसेप्ट’कडे साध्या टपालाने पाठविला. बातमीदारांनी खातरजमेसाठी त्याची प्रत सरकारलाच दाखविली. कागदावरच्या घड्यांवरून तो छापून हाताने बाहेर नेला असल्याचे अधिकाऱ्यांनी ओळखले. नोंदींनुसार तो छापणारे सहा जण होते, आणि त्यांपैकी एकीनेच कार्यालयीन संगणकावरून त्या प्रकाशनाला पूर्वी ई-मेल केला होता. बातमी प्रसिद्ध होण्याआधी तिला अटक झाली. शिक्षा ५ वर्षे ३ महिन्यांची. ‘इंटरसेप्ट’कडे सिक्युअरड्रॉप होती, आणि ते सुरू करणाऱ्यांत ग्रीनवाल्ड व पॉइट्रस होते. संपादकांनी चूक कबूल केली. पेटी चांगली असून भागत नाही. ती उघडणाऱ्याच्या सवयीही तितक्याच जपून घडवाव्या लागतात. वृत्तसंस्थांतील लोकांना प्रशिक्षण देणे हा फाउंडेशनच्या कामाचा मोठा भाग आहे तो यामुळेच.

संस्थेचे आपसातले ताणही लपून राहिले नाहीत. ज्या विकिलीक्ससाठी ती उभी राहिली, तिच्या देणग्या स्वीकारणे तिने २०१८ मध्ये थांबविले. मात्र २०१९ मध्ये ज्युलियन असांज यांच्यावर तोच १९१७ चा कायदा लावला गेला, तेव्हा तिने उघड विरोध केला. मतभेद असलेल्या माणसाचीही बाजू घेण्यातच या कामाची कसोटी लागते.

भारतात जागल्यांचा प्रश्न चर्चेत आणला तो सत्येंद्र दुबे या अभियंत्याच्या मृत्यूने. महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचाराविषयी त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले, नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र मात्र नावासकट कचेऱ्यांतून फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. खुनाचे कारण लूटमार असल्याचे तपासात म्हटले गेले, तरी पत्र फिरले ही गोष्ट पुसली गेली नाही. २०१४ मध्ये संसदेने जागल्या संरक्षण कायदा केला. त्यात निनावी तक्रारीची दखल घेतली जात नाही, आणि वृत्तपत्राकडे गेलेल्याला संरक्षणही मिळत नाही. या कायद्याला राष्ट्रपतींची संमती त्याच वर्षी ९ मे रोजी मिळाली. त्यानंतर दहा वर्षे उलटली, तरी तो अमलात आणणारी अधिसूचना निघाली नव्हती.