वैयक्तिक गुंतवणूक संचाचे विश्लेषण आणि महाविद्यालयीन प्राध्यापक : कुर्ला परिसरातील अनुभवांच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :

कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेकडून निघून मिठी नदी ओलांडली की वांद्रे-कुर्ला संकुल सुरू होते. राष्ट्रीय शेअर बाजार, ‘सेबी’ या नियामक संस्थेचे मुख्यालय, यूटीआय टॉवर आणि कित्येक बँकांची प्रमुख कार्यालये या संकुलात आहेत. देशातील गुंतवणुकीचे नियम आणि व्यवहार यांचा मोठा भाग येथेच घडतो. नदीच्या अलीकडे, जुन्या कुर्ल्यात, स्वदेशी मिल आणि प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या एकेकाळी हजारो हातांना काम देणाऱ्या उद्योगांच्या खुणा आहेत. गुंतवणुकीतील ‘जोखीम’ ही संकल्पना समजून घ्यावयाची असेल, तर नदीचा अलीकडचा काठ पलीकडच्यापेक्षा अधिक काही शिकवितो.

महाविद्यालयीन प्राध्यापकवर्गात ‘गुंतवणूक संच’ म्हटले की समभाग आणि म्युच्युअल फंड एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. त्यांचे भाव रोज बदलतात, म्हणून तेवढ्यांचेच विश्लेषण होते. वस्तुतः राहते घर, भविष्य निर्वाह निधी, पतपेढीतील ठेव, विमा, सोने आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेतन व निवृत्तिवेतनाचा हक्क, हे सर्व त्याच संचाचे घटक होत. हे घटक स्वतंत्रपणे किती सुरक्षित आहेत, यापेक्षा ते एकाच वेळी संकटात सापडू शकतात काय, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने संचाचे विश्लेषण कसे करावे, याचे विवेचन केले आहे.

संचाची मांडणी :

विश्लेषणाची पहिली पायरी म्हणजे एका कागदावर सर्व मालमत्ता आजच्या मूल्याने लिहिणे. उदाहरणादाखल कुर्ल्यात राहणाऱ्या एका प्राध्यापक कुटुंबाचा काल्पनिक ताळेबंद घेऊ. राहते घर १२० लाख रुपये, भविष्य निर्वाह निधी २८ लाख, एकाच सहकारी बँकेतील मुदत ठेवी २० लाख, सोने १० लाख, समभाग ८ लाख आणि विमा पॉलिसींचे समर्पण मूल्य ६ लाख. एकूण १९२ लाख रुपये.

या ताळेबंदात घराचा भार ६२.५ टक्के आहे आणि समभागांचा केवळ ४.२ टक्के. समभागांचे भाव ४० टक्क्यांनी कोसळले तरी एकूण मालमत्तेत घट होते ती ३.२ लाखांची, म्हणजे १.७ टक्क्यांहून कमी. घराची किंमत मात्र १० टक्क्यांनी उतरली तर १२ लाखांची, म्हणजे सव्वासहा टक्क्यांची घट होते. घराचा भाव वर्तमानपत्रात रोज छापून येत नाही, एवढ्यामुळे तो स्थिर वाटतो. सदर कुटुंब रोज सकाळी ज्या घटकाची चिंता करते, तो त्याच्या संचातील सर्वांत लहान घटकांपैकी एक आहे. राहते घर विकावयाचे नसते, म्हणून ते वेगळ्या रकान्यात दाखवावे, असा एक मतप्रवाह आहे व तो योग्यही आहे. परंतु वेगळे दाखविणे म्हणजे विसरणे नव्हे. २६ जुलै २००५ रोजी मिठीच्या पुराने कुर्ल्यातील तळमजल्यांची जी दुर्दशा केली, ती पाहता घराचा आणि घरातील वस्तूंचा विमा हादेखील संचाच्या व्यवस्थापनाचाच भाग ठरतो.

सहसंबंधाचा विचार :

हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात संचाच्या जोखमीचा गणिती विचार प्रथमच पद्धतशीरपणे मांडला. या कार्यासाठी त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिकाचा सहभागी मान मिळाला. त्यांच्या सिद्धांताचे सार असे की, संचाची जोखीम ही घटकांच्या जोखमींची केवळ सरासरी नसते. घटकांचे चढउतार परस्परांशी कितपत जुळतात, म्हणजे त्यांच्यातील सहसंबंध किती आहे, यावर ती अवलंबून असते. दहा घटक एकाच कारणाने पडत असतील, तर ते दहा नसून एकच होत.

याचे उदाहरण स्वदेशी मिलमध्ये सापडते. जमशेटजी टाटा यांनी १८८६ साली कुर्ल्यातील डबघाईस आलेली धरमसी मिल विकत घेतली आणि तिचे ‘स्वदेशी’ असे नामकरण केले. जुनी यंत्रे आणि वाढता खर्च यांमुळे प्रारंभीच्या काळात तिच्या समभागांचा भाव घसरला. गिरणी वाचविण्यासाठी जमशेटजींनी कुटुंबासाठी केलेला विश्वस्त निधी मोडला आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलचे स्वतःचे काही समभाग विकून पैसा उभा केला. हे एकाच ठिकाणी केलेले मोठे केंद्रीकरण होते. पण ते समजून-उमजून केलेले होते, कारभार त्यांच्या हाती होता आणि एम्प्रेस मिलसारखा दुसरा भक्कम आधारही मागे उभा होता. गिरणी सावरली.

त्याच गिरणीतील कामगाराचा ‘संच’ याहून अगदी भिन्न होता. वेतन गिरणीचे, निवृत्तीनंतरची देणी गिरणीकडून, राहणे गिरणीच्या आसपास आणि उधारी देणारा दुकानदारही गिरणीच्या पगारावरच जगणारा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने मुंबईतील गिरणीधंद्याचा कणा मोडला. पुढे २००० च्या सुमारास स्वदेशीही बंद झाली आणि कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. वेतन, बचत आणि परिसराची बाजारपेठ ही तिन्ही एकदमच गेली. हे केंद्रीकरण कामगाराने निवडलेले नव्हते. ते त्याच्या ध्यानातही आले नसावे, कारण प्रत्येक घटक वेगळ्या नावाने ओळखला जात होता.

प्राध्यापकांच्या बाबतीत याच प्रकारचे अदृश्य केंद्रीकरण पतपेढीच्या रूपाने आढळते. वेतनातून कपात होऊन जमा होणारी वर्गणी, वाढीव व्याजाच्या आशेने ठेवलेली मुदत ठेव आणि सहकाऱ्यांच्या कर्जाला दिलेली जामिनकी या तिन्ही गोष्टी एकाच संस्थेत असतात. कर्जदार सभासदांचे वेतन रखडले, तर हप्ते थकतात, ठेव अडकते आणि जामीनदाराच्या दारी वसुलीची नोटीस येते. बहुधा त्याच महिन्यात जामीनदाराचे स्वतःचे वेतनही रखडलेले असते. पतसंस्थांतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते, हेही येथे लक्षात घ्यावे. पतपेढी ही उपयुक्त संस्था आहे आणि अडीअडचणीला तीच प्रथम धावून येते. आक्षेप आहे तो तिच्यात सर्वस्व ठेवण्यास.

बँकांमधील ठेवींना संरक्षण असले तरी ते मर्यादित असते. भांडुप येथे मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदाराला आरंभी केवळ एक हजार रुपये काढता येत होते. या बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गुंतलेली होती. कुर्ल्यात प्रीमिअरच्या जुन्या जागेवर विमानतळ परिसरातील झोपडपट्टीवासीयांसाठी पुनर्वसनाच्या इमारती उभारणारा विकासकही हाच. ज्या ठेवीदाराने सुरक्षितता म्हणून बँकेत पैसे ठेवले, तो नकळत एका विकासकाचा धनको झाला होता. आणि त्याचे घरही उपनगरातच असल्याने त्याच्या संचाचे दोन मोठे भाग एकाच व्यवसायाच्या चढउतारांशी बांधले गेले होते. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा एक लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन करण्यात आली आणि मोठ्या ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले. ही मर्यादा प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेमागे, मुद्दल व व्याज धरून, लागू असते. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवी विभागल्याने ती वाढत नाही, ही बाब अनेक सुशिक्षितांनाही ज्ञात नसते.

मूल्य आणि परतावा :

भारतीय युनिट ट्रस्टची ‘युनिट ६४’ ही १९६४ साली सुरू झालेली योजना मध्यमवर्गाच्या दृष्टीने जवळपास बँकेसारखीच होती. तिच्या खरेदी-विक्रीच्या किमती ट्रस्ट ठरवीत असे. त्या युनिटमागील प्रत्यक्ष मालमत्तेच्या मूल्याशी निगडित नव्हत्या. जुलै २००१ मध्ये ट्रस्टने युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी स्थगित केली. त्यापूर्वी चौदा रुपयांच्या आसपास पुनर्खरेदी होणाऱ्या युनिटचे निव्वळ मालमत्ता मूल्य वर्षअखेरीस जाहीर झाले, ते सहा रुपयांच्या जवळपास होते. शासनाने हमी घेऊन लहान गुंतवणूकदारांना बऱ्याच अंशी सावरले, हे खरे. परंतु ज्या घटकाचे खरे मूल्य कळत नाही, त्याचा परतावाही कळत नाही, हे या प्रकरणाने स्पष्ट केले. पारंपरिक विमा पॉलिसींबाबत ही अडचण आजही जाणवते. समर्पण मूल्य लेखी मागविल्याशिवाय त्यांचे विश्लेषण करू नये.

परताव्याच्या मोजमापात सर्वसाधारणपणे दोन चुका होतात. पहिली चूक कर व भाववाढ वजा न करण्याची. मुदत ठेवीवर ७ टक्के व्याज मिळते असे मानू. उपकरासह ३१.२ टक्के कर भरणाऱ्याच्या हाती ४.८ टक्के उरतात. भाववाढ ५ टक्के असेल, तर वास्तव परतावा शून्याच्या किंचित खाली जातो.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. समजा, एका व्यक्तीने एखाद्या फंडात एक लाख रुपये गुंतविले. पहिल्या वर्षी फंड ३० टक्के वाढला. उत्साहाने तिने आणखी चार लाख घातले. दुसऱ्या वर्षी फंड १५ टक्के घसरला. फंडाचा दोन वर्षांचा चक्रवाढ परतावा वार्षिक ५.१ टक्के येतो आणि माहितीपत्रकात तोच दिसतो. त्या व्यक्तीचे पाच लाख मात्र ४,५०,५०० रुपये झाले. तिचा स्वतःचा परतावा वार्षिक उणे ८.४ टक्के आहे. रक्कम व तारखा भरून ‘एक्सआयआरआर’ हे सूत्र वापरल्यास संगणकावरील कोणत्याही तक्त्यात हा आकडा काढता येतो. फंडाचा परतावा आणि गुंतवणूकदाराचा परतावा यांतील हे अंतर म्हणजे तेजीत घाईने शिरण्याची किंमत होय.

खर्चाचाही विचार येथेच करावा. एक लाख रुपये २५ वर्षे १० टक्क्यांनी वाढले तर सुमारे १०.८ लाख होतात, ९ टक्क्यांनी वाढले तर ८.६ लाख. एका टक्क्याच्या खर्चाने अंतिम रकमेचा पाचवा हिस्सा जातो. १ जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंडांच्या ‘डायरेक्ट’ योजना उपलब्ध आहेत व त्यांत मध्यस्थाचे कमिशन नसते. ज्याला स्वतः निर्णय घेता येतो त्याने त्यांचा विचार करावा.

पुनर्संतुलन :

सेन्सेक्स ८ जानेवारी २००८ रोजी २०,८७३ वर बंद झाला आणि ९ मार्च २००९ रोजी ८,१६० वर. घसरण ६१ टक्क्यांची होती. पूर्वस्थितीस येण्यासाठी मात्र १५६ टक्के वाढ आवश्यक होती, ती नोव्हेंबर २०१० मध्ये पूर्ण झाली. मध्येच विकणाऱ्याला ती मिळाली नाही. समभाग व स्थिर उत्पन्नाच्या साधनांचे प्रमाण आधी लेखी ठरवून वर्षातून एकदा, उदाहरणार्थ एप्रिल महिन्यात, ते मूळ प्रमाणावर आणणे ही साधी रीत अशा वेळी उपयोगी पडते. यामुळे महाग झालेले थोडे विकले जाते आणि स्वस्त झालेले घेतले जाते. अधिक वेळा ढवळाढवळ केल्यास कर आणि खर्च वाढतात, लाभ क्वचितच.

मार्कोविट्झ यांना स्वतःच्या निवृत्तिनिधीचे वाटप करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी स्वतःचे गणित न वापरता रोखे आणि समभाग यांत निम्मे-निम्मे पैसे घातले. बाजार चढला अथवा पडला तरी पश्चात्ताप कमी व्हावा, एवढाच त्यांचा हेतू होता. सिद्धांतकर्त्याचे हे वर्तन विसंगत वाटले तरी त्यात शहाणपण आहे. जे प्रमाण पडत्या काळात टिकवता येत नाही, ते गणिताने कितीही अचूक असले तरी निरुपयोगी असते.

वेतन व निवृत्तिवेतन हाच मुख्य घटक :

शंभरातून वय वजा करावे आणि उरेल तितके टक्के समभागांत ठेवावेत, असा ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो. प्राध्यापकांच्या एकाच खोलीत बसणाऱ्या तिघांना तो लावून पाहिल्यास त्याची मर्यादा लक्षात येते.

पहिला प्राध्यापक १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेला, वय ५८. त्याला महागाई भत्त्याशी निगडित निवृत्तिवेतन मिळणार आहे. वर्षाला सहा लाख रुपयांचे निवृत्तिवेतन ७ टक्के दराने मूल्यांकित केल्यास ते सुमारे ८६ लाखांच्या सरकारी रोख्याइतके ठरते, आणि त्यात होणारी वाढ वेगळीच. त्याच्या संचात स्थिर उत्पन्न आधीच भरपूर आहे. असे असूनही हाच वर्ग उरलेली सर्व बचत मुदत ठेवींत ठेवताना दिसतो.

दुसरा प्राध्यापक त्या तारखेनंतर अनुदानित पदावर आलेला. त्याच्यासाठी परिभाषित अंशदान योजना आणि तिच्या पुढची राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली आली. मार्च २०२३ मधील राज्य कर्मचाऱ्यांचा संप आणि त्यानंतर जाहीर झालेले पर्याय यांमुळे या वर्गाच्या हक्काचे स्वरूप बदलत राहिले आहे. त्याने आपल्या खात्यात प्रत्येक महिन्याचे अंशदान व शासनाचा हिस्सा खरोखर जमा होतो काय, हे विवरणपत्रावरून तपासणे, ही कोणत्याही समभागाच्या निवडीपेक्षा अगोदरची गोष्ट आहे. न जमा झालेल्या हप्त्यावरील परतावा कोणत्याच सूत्राने भरून निघत नाही.

तिसरा तासिका तत्त्वावरील, वय ३०. ठोकताळा त्याला ७० टक्के समभाग सुचवितो. त्याचे मानधन तासांवर अवलंबून, मे महिन्यात जवळपास शून्य, आणि पुढील जूनमध्ये नियुक्ती होईल की नाही हे अनिश्चित. विद्यार्थीसंख्या घटली अथवा आर्थिक मंदी आली, तर मानधन आणि समभाग दोन्ही एकाच वेळी उतरू शकतात. त्याच्या संचाचा सर्वांत मोठा घटक, म्हणजे पुढील तीस वर्षांची कमाई, हाच मुळात समभागासारखा आहे. म्हणून त्याने प्रथम किमान आठ ते दहा महिन्यांचा घरखर्च दोन वेगवेगळ्या बँकांत सहज काढता येईल असा ठेवावा, आरोग्य विमा स्वतःच्या नावे घ्यावा आणि वर्षाला ५०० रुपयांपासून सुरू ठेवता येणारे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडावे, कारण त्याच्यासाठी अन्य कोणी असे खाते उघडणार नाही. सहकाऱ्याच्या कर्जास जामीन राहण्याची विनंती आल्यास त्याने ती नम्रपणे नाकारावी. समभागांचा प्रश्न त्याच्या बाबतीत यानंतर, आणि लहान मासिक रकमेनेच सुरू होतो.