एकांच्या वर्गाची संख्या

१२३४५६५४३२१ ही संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून, सारखीच राहते. नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात तिचा उल्लेख आहे: एकापासून सहापर्यंत चढणारी व नंतर क्रमाने उतरणारी.

ही संख्या म्हणजे १११११११ नव्हे, १११११२ही नव्हे, तर सहा एक लिहून होणाऱ्या १११११‍१ चा वर्ग होय. कारण गुणाकाराच्या मांडणीतच आहे. सहा ओळींत तेच सहा एक, मात्र प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. एकमच्या घरात एक, दहमच्या घरात दोन, असे होत मधल्या घरात सहा एक जमतात व पुढे ते कमी होत जातात. कोठेही हातचा येत नाही. सारी गंमत एवढ्यावरच उभी आहे. शिक्षकाने उत्तर आधी सांगू नये, मांडणी मुलांकडून पाटीवर करवून घ्यावी.

नऊ एकांपर्यंत हा क्रम टिकतो: १२३४५६७८९८७६५४३२१. एवढे पाहिल्यावर वर्गातील हुशार मूल दहा एकांचा वर्ग न गुणताच सांगू लागते, आणि तेथेच फसते. आता मधल्या घराची बेरीज दहा होते. हातचा डावीकडील नवात मिळून तेथेही दहा होतात, व पुढील आठाचे नऊ होतात. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. हातचा विसरणाऱ्या मुलास हे एक उदाहरण पुष्कळ शिकविते.

भाज्यतेचा पाठ झाला असल्यास पहिल्याच संख्येतील एकाआड एक अंक मिळवावयास सांगावे. दोन्ही बेरजा १८ येतात. म्हणून तिला ११ ने निःशेष भाग जातो.