शेवटचा पेपर आणि गोन्सालोचा बायोडेटा

शेवटच्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर दिला, की अख्खी वसई एकच प्रश्न विचारते, ‘मग, आता पुढे काय?’ मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात काका-काकू विचारतात, भाजीवाली मावशी विचारते. विरार फास्टमध्ये फोर्थ सीटवर जेमतेम टेकलेल्या अनोळखी बाईसुद्धा विचारतात!

टीवाय संपलं. हातात अंधेरीच्या ऑफिसचं ऑफर लेटर आहे, डोक्यात मात्र एमएसडब्ल्यू. पप्पा म्हणतात, ‘आधी जॉब धर.’ आई म्हणते, ‘नोव्हेना कर, देव मार्ग दाखवेल.’

आता परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही सगळेच भाविक असतो. मी मेणबत्ती लावते, माझी बेस्ट फ्रेंड जीवदानीच्या पायऱ्या चढते. दोघींचं डील सेम: तू फक्त पास कर, बाकीचं आम्ही बघतो. परीक्षेचं एक बरं असतं, काय मागायचं ते ठरलेलं असतं. यावेळी मात्र पंचाईत झाली. नोकरी टिकू दे म्हणून मागू, की ती नाकारायची हिंमत?

म्हणून मी सरळ आपल्या गावच्या एका माणसाचा बायोडेटा काढला. संत गोन्सालो गार्सिया. त्याच्या नावाचं कॉलेज वसईत आहे, त्यामुळे नाव सगळ्यांना पाठ. स्टोरी मात्र फार थोड्यांना.

जन्म १५५७ च्या सुमारास, वसईत. वडील पोर्तुगीज, आई इथली. शिक्षण जेझुइटांकडे. आपण दहावीचे क्लास लावतो त्या वयात हा त्यांच्याबरोबर थेट जपानला! तिथली भाषा शिकला, बरीच वर्षं त्यांचं काम केलं, पण संघात काही घेतलं नाही. आजच्या भाषेत, इंटर्नशिप झाली, कन्फर्मेशन आलंच नाही. मग पठ्ठ्याने व्यापार सुरू केला आणि त्यात जमही बसवला. तरी चैन पडेना. सगळं सोडून मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रूसावर मारलं, त्यात तोही होता. १८६२ मध्ये चर्चने त्याला संत घोषित केलं.

आपल्याला नेहमी या गोष्टीचं शेवटचं पान सांगतात. मला मधलं पान जास्त आवडतं. नकार पचवलेला, धंदा छान चाललेला आणि तरीही अस्वस्थ, असा तिशीच्या आसपासचा वसईकर. पुढे काय होणार, हे त्याला तरी कुठे माहीत होतं? आणि गंमत बघा, ज्या कामात त्याला कायम केलं नाही, त्याच काळात शिकलेली जपानी त्याला पुन्हा तिथे घेऊन गेली.

इतकं लांब जायचं नसेल, तर नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवा. ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन केलं, हरित वसईसाठी आंदोलनात उतरले, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. धर्मगुरूच्या जॉब प्रोफाइलमध्ये यातलं किती बसतं, सांगा!

रिझल्ट लागायच्या आधीच पुढचा फॉर्म भरायचा, त्याला श्रद्धा म्हणत असावेत, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

तर माझं ठरलंय. ऑफिसला एक वर्ष. पगारातून फी साठवायची आणि पुढच्या वर्षी एमएसडब्ल्यूची एन्ट्रन्स द्यायची. पप्पा अर्धे खूश, आईही अर्धी. नोव्हेना चालू आहेच.

आणि तुम्ही? लंच टाइममध्ये डबा उघडून हे वाचत असाल आणि ‘हेच का मला करायचं होतं’ असं मनात येत असेल, तर टेन्शन घेऊ नका. तुमचंही मधलंच पान चालू असेल.