बर्फाच्या पोटात काय आहे?

तामसीच्या शिवारात बोअर घ्यायची झाली, की आधी पाणाड्याला बोलावणं जातं. तळहातावर नारळ ठेवून तो बांधाबांधाने फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो. कुणी यंत्रवाल्याला बोलावतात. तो जमिनीत खुंट्या ठोकून वीज सोडतो आणि मीटरवरचे आकडे वाचतो. वरून न दिसणारं खाली काय आहे, हाच दोघांपुढचा प्रश्न. माझा कल यंत्राकडे आहे, पण कोरड्या गेलेल्या बोअर दोघांच्याही नावावर असतात.

हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. हिमनदी केवढी पसरली आहे, वर्षाला किती सरकते, हे उपग्रहाच्या चित्रांवरून कळतं. बर्फ किती खोल आहे, ते मात्र त्यातून थेट दिसत नाही. आणि खोली ठाऊक नसेल तर पाण्याचा हिशेब लागणार कसा? सारख्याच पसाऱ्याच्या दोन हिमनद्या. एकीत बर्फ सरासरी पन्नास मीटर, दुसरीत दोनशे. दुसरीत चौपट पाणी, पण वरून दोघी सारख्याच पांढऱ्या.

यावरचा उपाय म्हणजे रडार. विमानतळावरचं नव्हे, बर्फावरून ओढत न्यायचं. गंमत अशी, की हे यंत्र आपल्या काळ्या जमिनीवर आणलं तर आंधळं होईल. ओली चिकणमाती रेडिओलहरी गिळून टाकते. एखाद-दोन मीटरच्या खाली काही दिसणं कठीण. थंड, कोरड्या बर्फातून मात्र त्या लहरी काचेतून उजेड जावा तशा पार जातात. हे लक्षात आलं तेही अडचणीतून. बर्फाच्या प्रदेशावरून उडणाऱ्या विमानांची रेडिओवर चालणारी उंचीमापकं चुकीची उंची दाखवायची, कारण लहरी बर्फाच्या वरच्या थरावरून न परतता आत शिरायच्या. अमेरिकी सैन्यातल्या अॅमरी वेट यांनी १९५० च्या दशकात या दोषातच मोजमापाची युक्ती पाहिली. पुढे १९६० च्या दशकात केंब्रिजच्या स्टॅन इव्हान्स यांनी खास बर्फासाठी यंत्र बनवलं.

हिशेब शाळेतल्या प्रतिध्वनीच्या गणितासारखाच. बर्फात रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, सुमारे १६८ मीटर जाते. तळच्या खडकावर आपटून ती ३.२ मायक्रोसेकंदांनी परतली, तर जाऊन-येऊन साधारण ५४० मीटर झाले. म्हणजे बर्फ २७० मीटर खोल.

तळाच्या आधीही बारीक प्रतिध्वनी येतात. दरवर्षीचं बर्फ आदल्या वर्षीच्या बर्फावर बसतं. कधी धूळ, कधी ज्वालामुखीची राख किंवा आम्ल त्यात अडकतं. चिरोटा मोडल्यावर पदर दिसावेत तसे हे थर रडारच्या पट्टीवर उमटतात. कुठे थर वाकलेले, कुठे तुटलेले, तर कुठे पाण्याने भरलेली पोकळी.

ही पोकळी जीवघेणी असू शकते. फ्रान्समध्ये माँ ब्लाँ पर्वतावर तेत रूस नावाची छोटीशी हिमनदी आहे. १८९२ च्या जुलैत एका रात्री तिच्या पोटात साठलेलं पाणी फुटलं आणि खालच्या सँ-जेर्व्हे भागात सुमारे १७५ माणसं गेली. शंभराहून जास्त वर्षांनी, २००७ पासून, तिथे पुन्हा तपासणी झाली. रडारला आत काहीतरी वेगळं दिसलं, आणि चुंबकीय पद्धतीच्या दुसऱ्या मोजणीने ते पाणीच असल्याचं सांगितलं: सुमारे ५५,००० घनमीटर. तीस मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर खोल अशी वीस शेततळी डोळ्यांपुढे आणा. ही सगळी वस्तीच्या डोक्यावर, बर्फाच्या झाकणाखाली. २०१० मध्ये बर्फात भोकं पाडून त्यातलं बहुतेक पाणी पंपांनी उपसलं. वरून पाहणाऱ्याला या सगळ्याचा पत्ताही लागला नसता.

आता आपल्याकडे. आदिलाबादची थंडी तेलंगणात नावाजलेली असली तरी तामसीत बर्फ पाहायचा तो रसवंतीवर. आपली पैनगंगा पावसावर जगते. दिवाळी उलटली की तिची धार बारीक होत जाते. हिमाचलातली चंद्रा नदी उलट वागते, ऊन वाढलं की फुगते. ती पुढे भागेला मिळून चिनाब होते. तिच्या खोऱ्यात छोटा शिग्री ही हिमनदी आहे. तिथे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या आणि फ्रेंच संशोधकांनी ऑक्टोबर २००९ मध्ये पाच ठिकाणी आडवे छेद घेऊन रडारने खोली मोजली. मध्यरेषेवर ४,४०० मीटर उंचीवर बर्फ १२४ मीटर भरला आणि ४,९०० मीटरवर २७०.

याच खोऱ्यात मराठी माणसाच्या शेजारचं एक नाव आहे. गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने (तेव्हा नाव थोडं वेगळं होतं) २०१६ मध्ये ४,००० मीटरहून उंच जागी 'हिमांश' हे संशोधन केंद्र उभारलं. तिथल्या सामानात हे रडारही आहे. समुद्रकाठची माणसं तिथून सुत्री ढाका हिमनदीवर कामाला जातात.

तरीही हिमालयातल्या हजारो हिमनद्यांपैकी फारच थोड्यांची खोली अशी प्रत्यक्ष मोजलेली आहे. बाकीच्यांची उतारावरून आणि वेगावरून अंदाजाने धरतात. कारण सरळ आहे. तिथे हवा विरळ, खालच्या भागात बर्फावर दगडगोट्यांचा थर, मध्येच भेगा. उन्हाळ्यात बर्फात वितळलेलं पाणी मुरतं आणि लहरी विखुरतात, म्हणून कमी वारंवारितेचं यंत्र आणि लांबच लांब अँटेना लागते. ती अँटेना, बॅटऱ्या, तंबू आणि रेशन, सगळं पाठीवर वाहून न्यायचं, आणि मग एकाने पुढे, एकाने मागे राहून पावलापावलाने ओढायचं.