कृत्रिम खुब्यातली झीज

घोडनदीकाठच्या इनामगावात खुबा बदललेला एखादा शेतकरी उसाच्या बांधावरून तासभर चालला, तर आत काय घडते? बहुतेकदा धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा प्लॅस्टिकच्या वाटीत फिरत असतो. मूळ सांध्यातली गुळगुळीत कूर्चा तिथे नसते, म्हणून घर्षण जास्त आणि त्याची उष्णताही. जर्मनीत तापमान मोजणारी यंत्रणा बसवलेल्या खुब्यांपैकी एकात तासाभराच्या चालीनंतर ४३.१ अंश सेल्सिअस नोंदले गेले. सिरॅमिकच्या वाटीत ते कमी राहिले.

खरी काळजी झिजेची. शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांच्या टेफ्लॉनच्या वाट्या थोड्याच वर्षांत झिजल्या, तेव्हा १९६२ मध्ये त्यांनी पॉलिएथिलीन आणले. त्याचेही सूक्ष्म कण सुटतात. ते गिळणाऱ्या पेशी चेतवल्या जातात, भोवतालचे हाड विरघळू लागते आणि खुबा सैल होतो.

धातूवर धातू फिरवला तर झीज घटेल असे वाटले होते. पण डेप्यू कंपनीच्या अशाच एएसआर खुब्यांतून कोबाल्ट आणि क्रोमियम रुग्णांच्या रक्तात उतरले. कंपनीने २०१० मध्ये ते खुबे जगभरातून परत मागवले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही कंपनीविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. परत मागवलेल्यांत आपला खुबा आहे का हे कळावे, म्हणून तो बदलून घ्याल तेव्हा इम्प्लांटच्या क्रमांकाचा स्टिकर मागून घ्या, जपून ठेवा.