गायरानातलं गाजर गवत : उपटा, पण जागा मोकळी ठेवू नका



पाऊस झाला, गायरान हिरवंगार दिसतं, तरी गुरं अर्धपोटी घरी येतात. असं का? जरा वाकून बघा. त्या हिरवळीत मारवेल, पवना किती आणि गाजर गवत किती? कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटक चांदणी. पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं, गाजरासारखी पानं. नाव गवत, पण गुरांना ते चालत नाही.

हे तण मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्या देशात १९५५ च्या सुमारास पुण्यात ते नजरेला आलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं मानतात. आज ते देशभर, अगदी हिमाचल-काश्मीरच्या डोंगराळ मुलखापर्यंत पोचलं आहे.

ते वाढतं कसं? गुरं चांगलं गवत मुळापर्यंत खातात आणि गाजर गवत तसंच सोडतात. चांगलं गवत संपलं की जमीन उघडी पडते. तिथे याचं बी रुजतं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल येतं. एक झाड हजारो बिया टाकतं, आणि ओल मिळेल तेव्हा त्या उगवतात. भुकेल्या जनावरानं ते खाल्लं तर दुधाला कडवट चव येते. जास्त खाल्लं तर जिवावर बेततं. माणसालाही अंगाला खाज, पुरळ आणि दम्याचा त्रास होतो.

उपाय काय?

१) पावसानं जमीन मऊ झाली की फुलं येण्याआधी झाडं मुळासकट उपटा. विळ्यानं कापू नका, बुडातून पुन्हा फुटतात. हातांना प्लॅस्टिकची पिशवी बांधा, नाकातोंडावर फडकं घ्या. अंगाला खाज येणाऱ्यानं हे काम करू नये.

२) फुलं नसलेली झाडं कंपोस्टच्या खड्ड्यात घाला. फुलावर आलेली घालू नका, नाहीतर खताबरोबर बी शेतात जाईल.

३) उपटलेल्या जागी लगेच मारवेलचे ठोंब लावा. पवना, स्टायलो यांचं बी फोका. रस्त्याकडेला आणि पडीक जागेत टाकळा चालतो, तो गाजर गवताला दाबतो. गायरानात मात्र टाकळा नको. तोही गुरं खात नाहीत.

४) गायरानाचे भाग पाडा. नवं गवत लावलेला भाग ते मूळ धरून बी टाकेपर्यंत चराईला बंद ठेवा.

५) पावसाळ्यात पानांवर पांढुरके, तपकिरी रेघांचे भुंगेरे दिसले तर मारू नका. १९८३ साली मेक्सिकोहून मुद्दाम आणलेला हा किडा गाजर गवताची पानं खाऊन त्याला उघडं पाडतो. त्या भागात कीटकनाशक फवारू नका.

यातला तिसरा आणि चौथा उपाय बहुतेक गावं सोडून देतात. एक दिवस श्रमदान होतं, गायरान साफ दिसतं, आणि पुढच्या पावसात तण पुन्हा हजर! मोकळी जमीन म्हणजे गाजर गवताला आवतणच. आणि एकट्यानं हे होणारं नाही. तुम्ही बांध साफ केलात आणि शेजाऱ्यानं ठेवला, तर त्याचं बी वाऱ्या-पाण्यानं तुमच्याकडेच येणार.

तेव्हा मंडळी, ग्रामसभेत दोनच गोष्टी ठरवा : उपटायचं कोणत्या दिवशी, आणि कोणता भाग बंद ठेवायचा. गायरान सगळ्यांचं आहे; राखायचंही सगळ्यांनीच.