कोळशाच्या खाणीतील कॅनरी

इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘कोळशाच्या खाणीतील कॅनरी’ असा एक वाक्प्रचार आढळतो. शब्दकोशात पाहिले तर कॅनरी म्हणजे एक लहान, पिवळा, गाणारा पक्षी. मग हा पक्षी खाणीत कशाला गेला?

१८९६ साली वेल्समधील टायलर्सटाउन येथे कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. ५७ कामगार मरण पावले. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने मृतदेह तपासले. बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर त्यानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने गेला होता. या वायूला रंग नाही, वासही नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. माणसाला काही कळेपर्यंत त्याचे पाय लटपटू लागतात, आणि मग पळणेही शक्य होत नाही.

हॉल्डेनने सुचवले, की खाणीत उतरताना उंदीर किंवा कॅनरीसारखा लहान प्राणी जवळ ठेवावा. कॅनरी फार जलद श्वास घेते, म्हणून विषारी वायूचा परिणाम तिच्यावर माणसाच्या आधी होतो. पक्षी दांडीवरून खाली पडला, की कामगार ताबडतोब मागे फिरत.

पण पक्ष्याचे काय? प्रत्येक वेळी तो मरत असे, असे समजू नका. कामगारांचा या पक्ष्यांवर जीव असे. ते त्यांच्याशी शीळ घालून बोलत. एका खास पिंजऱ्यावर प्राणवायूची लहान टाकी बसवलेली असे. पक्षी कोसळताच पिंजऱ्याचे दार बंद करून आत प्राणवायू सोडत आणि त्याला शुद्धीवर आणत. असा एक पिंजरा मँचेस्टरच्या संग्रहालयात आहे. ब्रिटनमध्ये १९८६ साली कॅनरीऐवजी विजेवर चालणारी यंत्रे वापरण्याचे ठरले. पक्षी गेले, वाक्प्रचार राहिला.

त्याचा अर्थ, येणाऱ्या संकटाची पहिली खूण. काही विद्यार्थी याचा अर्थ ‘बळीचा बकरा’ असा करतात, म्हणजे उर्दूतला ‘कुर्बानी का बकरा’. ते चूक आहे. बळीच्या बकऱ्यावर दुसऱ्याचा दोष लादला जातो. कॅनरीवर कोणी दोष ठेवत नाही, तिच्याकडे लक्ष ठेवतात. बेडकाचे उदाहरण घ्या. त्याच्या पातळ कातडीतून पाणी आणि हवा शरीरात जाते, म्हणून दूषित पाण्याचा त्रास त्याला लवकर होतो. तळ्यातले बेडूक नाहीसे होऊ लागले, की शास्त्रज्ञ त्यांना खाणीतील कॅनरी म्हणतात आणि तळ्याचे पाणी तपासायला घेतात.